भूतदयेची कलमे

मुक्या प्राण्यांची वकिली पत्करणाऱ्या माणसाला एक सुख असे लाभते की, त्याचा अशील भर न्यायालयात उभा राहून ‘साहेब, मी असे बोललोच नव्हतो’ म्हणत त्याला कधी तोंडघशी पाडीत नाही. परंतु याच सुखाच्या पोटी एक संकटही जन्माला येते. अशील मुका असला म्हणजे वकिलाच्या वाणीला बांध राहत नाही. आणि अशी बांध फुटलेली वाणी ज्या दिवशी मोबाईलच्या पात्रातून वाहू लागते, त्या दिवशी तो पूर अडविण्यासाठी कोणी तरी निरुपद्रवी, निवृत्त आणि कागदाच्या वासाने अजूनही प्रसन्न होणारा इसम शोधून काढावा लागतो. पुण्यात कोथरुडला आम्ही राहतो त्या वसाहतीत असा इसम एकच होता, आणि दुर्दैवाने त्या संध्याकाळी तो घरी होता.

महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटल्यापासून अव्वल कारकून म्हणून सुटेपर्यंत माझी छत्तीस वर्षे मसुदे, टिपणे, परिपत्रके आणि त्यांवरील स्मरणपत्रे यांच्या सहवासात गेली. त्यामुळे वसाहतीच्या श्वानकल्याण मोहिमेच्या अध्यक्षीणबाई जेव्हा दारात उभ्या राहून म्हणाल्या, “काका, तुम्ही आयुष्यभर सरकारी नियम लिहिलेत, आमच्या मुलांनी फेसबुक-इन्स्टावर कसं वागावं याची चार कलमं तेवढी लिहून द्या,” तेव्हा नाही म्हणण्याचा नैतिक अधिकार माझ्यापाशी उरला नव्हता. त्या चार कलमांची पुढे सतरा झाली. खात्यात असतो तर परिशिष्टेही जोडली असती.

मोहिमेचा हेतू निर्मळ होता. आसपासच्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करवून घ्यायचे, त्यांना रेबीजची लस टोचवायची, आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व जिन्यांपासून दूर अशी एक जागा त्यांच्या जेवणासाठी मुक्रर करायची, एवढेच काम. आणि तेही २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांबरहुकूम. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला एक खाच पाडतात, ती एवढ्यासाठी की, याचे एकदा झाले आहे, याला पुन्हा धरू नये, हे जाळीवाल्यांना लांबूनच कळावे. आम्ही कागदावर ‘निकाली’ असा शिक्का मारीत असू, त्यातलाच हा प्रकार.

मोहिमेत तेवीस स्वयंसेवक होते आणि सूक्ष्म निरीक्षणांती त्यांचे दोन वर्ग पडत. पहिला वर्ग पायांचा. हा वर्ग पहाटे साडेपाचला उठून जाळीच्या गाडीबरोबर गल्लीबोळ हिंडे, भ्यालेल्या कुत्रीला मोटारीखालून गोंजारून बाहेर काढी, काही दिवसांनी तिला जेथून उचलले तेथेच आणून सोडी आणि दुपारी आपापल्या नोकरीवर पेंगे. दुसरा वर्ग अंगठ्यांचा. आमच्या कचेरीत ज्या खातेदाराला सही येत नसे त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. हल्ली जो सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत केवळ अंगठ्यानेच लिहितो, त्यालाही तीच पदवी बहाल करण्यास कोणाची हरकत नसावी. पहिल्या वर्गात चार जण होते. कलमे अर्थातच दुसऱ्या वर्गासाठी हवी होती, कारण जो जाळी धरतो त्याचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्याच्याकडून आक्षेपार्ह मजकूर प्रसृत होण्याचा संभवच नसतो.

मसुदा लिहिणाऱ्याला अनुभवाने एक गोष्ट ठाऊक होते. गावाच्या वेशीवरची वीरगळ पाहिली की, येथे कोणी तरी पडला होता, हे जसे सांगावे लागत नाही, तसाच प्रत्येक नियमाखाली एक प्रसंग पुरलेला असतो. आमच्या कचेरीत ‘दौतीत चहा ओतू नये’ असा लेखी हुकूम भिंतीवर लावलेला होता. नवा माणूस तो वाचून हसे. जुने मात्र अंतर्मुख होत. तेव्हा कलमे लिहिण्यापूर्वी मी अध्यक्षीणबाईंकडून मागील वर्षाचे प्रसंग मागविले. त्यांनी ते दोन बैठकांत सांगितले आणि तिसऱ्या बैठकीत त्यांना रडू आले.

पहिले कलम शब्दांचे. ‘भटका कुत्रा’ हा शब्दप्रयोग मोहिमेच्या लिखाणात निषिद्ध ठरवावा, अशी बाईंची सूचना होती. सरकारी नियमांतही आता ‘सामुदायिक प्राणी’ अशा अर्थाची संज्ञा आली आहे, हा त्यांचा दाखला. प्रथम मला हे नव्या लोकांचे सोवळे वाटले. पण विचार करता ध्यानात आले की, आमच्या फाटकावरचा खंडू नावाचा कुत्रा गेली नऊ वर्षे त्याच गल्लीत, त्याच पानटपरीच्या आडोशाला राहत आहे. तो शेजारच्या गल्लीतही क्वचित आणि तेही कामापुरताच जातो. उलट आमच्या इमारतीतल्या सोळा बिऱ्हाडांपैकी अकरांची मुले हिंजवडीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पांगली असून त्यांतील काहींचा कायमचा पत्ता त्यांच्या आईबापांनाही सांगता येत नाही. या परिस्थितीत भटका कोण, हा प्रश्न अधिक न उकरणेच बरे, असे ठरवून मी ते कलम विनातक्रार मंजूर केले.

दुसरे कलम रश्श्याचे. त्यामागील प्रसंग असा की, मोहिमेच्या खात्याची चावी ज्या तरुणाकडे होती, त्याच्याच मोबाईलवर त्याचे स्वतःचे खातेही नांदत होते, आणि एका खात्यातून दुसऱ्यात जाणे हे एका खोलीतून दुसरीत जाण्याइतके सोपे असल्यामुळे आपण कोणत्या खोलीत उभे आहोत याचे भान त्याला राहत नसे. आषाढातल्या शेवटच्या रविवारी हा सद्गृहस्थ कोल्हापूरला सासुरवाडीस गेला. श्रावणापूर्वीच्या त्या रविवारचे माहात्म्य मराठी वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. दुपारी एक वाजता भूतदयेच्या खात्यावर, ‘त्यांच्या डोळ्यांत पाहा, त्यांनाही जीव आहे’ या आदल्या दिवशीच्या आवाहनाच्या अगदी डोक्यावर, एका भरगच्च ताटाचे छायाचित्र प्रकट झाले, आणि त्याखाली मजकूर होता: ‘तांबडा, पांढरा आणि आम्ही!’ सायंकाळपर्यंत दोन शाकाहारी स्वयंसेवकांचे राजीनामे आले, आणि एका अपरिचित गृहस्थाने पांढऱ्यात खसखस किती घातली, अशी पृच्छा केली.

त्यावर भरलेली सभा चार तास चालली. एका पक्षाचे म्हणणे असे की, आपली मोहीम श्वानांची आहे, शेळीमेंढीचा प्रश्न आपल्या कार्यकक्षेत येत नाही. दुसऱ्याचे असे की, करुणेला कार्यकक्षा नसते. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मी जाबजबाबासारखे उतरवून घेतले, आणि या वादाचा फैसला करण्याचे सामर्थ्य ज्या लेखणीत आहे ती अव्वल कारकुनाच्या खिशात नसते, हे ओळखून कलमात एवढेच लिहिले की, ‘मोहिमेच्या खात्यावरून स्वयंपाकघराकडे जाणारा मार्ग कायमचा बंद समजावा.’

तिसऱ्या कलमाला मी मनाशी खंडूचे कलम म्हणतो. वैशाखातल्या एका सकाळी खंडू फाटकाजवळच्या बांधकामाच्या वाळूवर चारी पाय ताणून, मान मुरगळून, जीभ किंचित बाहेर काढून, थंडगार वाळूचे जे सुख एअरकंडिशनरला कधी देता येणार नाही ते घेत पडला होता. रिक्षातून जाणाऱ्या एका स्वयंसेविकेने ते दृश्य टिपले आणि रिक्षा कर्वे पुतळ्यापाशी पोहोचण्याच्या आत जगाला कळविले की, आपला खंडू गेला, विषप्रयोगाचा संशय. बारा वाजेपर्यंत दीडशे लोकांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. एका माजी नगरसेवकाने वाहिलेल्या श्रद्धांजलीत खंडूचे छायाचित्र टपालाच्या तिकिटाएवढे व स्वतःचे पाटाएवढे होते. एकाने कविता केली. मग प्रश्न आला विष कोणी घातले याचा, आणि तिसऱ्या मजल्यावरील एका गृहस्थांनी रात्रीच्या भुंकण्याबद्दल पूर्वी एकदा लेखी तक्रार केलेली असल्यामुळे पुराव्याचा प्रश्न चुटकीसरशी सुटला. दोनच्या सुमारास त्या गृहस्थांच्या घरातला दूरध्वनी वाजू लागला तो साडेचारपर्यंत थांबला नाही.

साडेचार वाजता खंडू उठला. त्याने आधी पुढचे पाय लांब करून मग मागचे ताणले, अंगावरची वाळू झाडली, आणि टपरीवर चहाची वेळ झालेली पाहून तो बिस्किटासाठी तिकडे गेला. त्याच्या पुनरागमनाची वार्ता यथावकाश प्रसिद्ध झाली. श्रद्धांजली दीडशेंनी वाहिली होती. पुनर्जन्माचा आनंद अकरांना झाला. माजी नगरसेवकांनी आपली श्रद्धांजली मागे घेतली नाही. एकदा वाहिलेली गोष्ट परत घेण्याचा शिरस्ता त्यांच्या घराण्यात नसावा. मी त्या संध्याकाळी बाकावर बसलो होतो, म्हणून पुढचे मी स्वतः पाहिले. तिसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थ खाली आले, इकडेतिकडे पाहून खंडूसमोर उभे राहिले, आणि अगदी काकुळतीने म्हणाले, “अरे बाबा, झोपेत जरा कूस तरी बदलत जा.”

या कलमाचा मसुदा मी तीनदा फाडला. शेवटी राहिला तो असा: ‘मृत्यूची बातमी देण्यापूर्वी मृताजवळ जावे, त्यास हाक मारावी, आणि तो उठल्यास बातमी देऊ नये.’ अध्यक्षीणबाई म्हणाल्या, इतके स्पष्ट लिहायला हवे का? मी त्यांना दौतीतल्या चहाची आठवण करून दिली.

तिसऱ्या मजल्याच्या प्रकरणातूनच चौथे कलम निघाले, ते शिक्षेचे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास मनाई करणारा आपला कायदा १९६० चा; नृत्यकलेत ज्यांचे नाव अजरामर झाले त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या खाजगी विधेयकामुळे त्यास चालना मिळाली आणि पुढे स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच झाल्या. त्या कायद्यात पहिल्या अपराधाला दंड आहे दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० साली पन्नास रुपयांत लहानसे कुटुंब पंधरवडा काढी; आज त्यात पुण्यात मिसळही येईना, आणि आली तरी जादा पावाचे पैसे वेगळे. दंड वाढला पाहिजे याविषयी मोहिमेत एकमतच होते. अडचण एवढीच की, कायदा पन्नास रुपयांवर थांबतो, तर आमचे अंगठेबहाद्दर फाशीच्या अलीकडे थांबायला तयार नसत. कोणाच्याही नावापुढे ‘नराधम’ लिहिताना त्यांचा अंगठा अडखळत नसे. तेव्हा मी घटनेचा आधार घेतला. सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविलेले आहे. त्या कलमाखाली मी खुलासा जोडला की, ‘या कामी तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी हेही सजीव प्राणी समजण्यात यावेत.’

हा वाचाळपणा मोबाईलने जन्माला घातला, असे मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलिसांनी बेवारशी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम असल्यामुळे शिपायांची कर्तव्यनिष्ठा इतकी पराकोटीस गेली की, धन्याच्या दारातली कुत्रीही त्यांना बेवारशी दिसू लागली. पारशी समाजात कुत्र्याला धर्मविधीत स्थान. त्यातून सणाचा दिवस. लोक खवळले, शिपायांनी मार खाल्ला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, पलटणीचा शिधा अडला आणि सरकारला लष्कर बाहेर काढावे लागले. एवढा मोठा दंगा एकही चित्रफीत न पाठवता झाला, हे आजच्या पिढीला खरे वाटणार नाही. मला मात्र त्याच्या पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरापोळ उभी राहिली. त्या काळच्या रागातून इमारत निघाली. आमच्या गटातला राग रोज सकाळी दहाला पेटतो आणि जेवणाची ताटे मांडली की विझतो. त्यातून अद्याप पाण्याचे एक भांडेसुद्धा निघालेले नाही. हे मी कलमात घालणार होतो, परंतु उपदेशाला कलमाचा क्रमांक देता येत नाही.

पाचवे कलम न्यायालयाचे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला, आणि २२ तारखेला मोठ्या पीठाने त्यात बदल करून, पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून जेथून उचलली तेथेच सोडावीत, व खाणे नेमून दिलेल्या जागीच घालावे, असे सांगितले. या दोन तारखांमध्ये अकरा दिवस आहेत. त्या अकरा दिवसांत आमच्या तेवीस जणांनी दिलेली मते मी कुतूहल म्हणून मोजून पाहिली. ती चारशेच्या घरात गेली, आणि आदेशाची प्रत कोणी वाचली, असे विचारले असता एकाने हात वर केला, तोही पंखा बंद करण्यासाठी. कलमात लिहिले: ‘निकालावर मत देण्यापूर्वी निकाल वाचावा, वाचण्यास वेळ नसल्यास मत देण्यासही वेळ नाही असे समजावे.’

पत्त्यांचे कलम छोटे आहे, पण त्यामागचे दुःख मोठे. एका मायाळू मावशींनी दोन पोरकी मांजराची पिले घरात घेतली, याचे कौतुक एका स्वयंसेवकाने घराच्या पाटीसकट छापले. दुसऱ्या दिवशी मावशींनी दुधासाठी दार उघडले तो उंबऱ्याशी पुठ्ठ्याचे खोके, आणि त्यात सात पिले. तिसऱ्या दिवशी आणखी चार. चौथ्या दिवशी कोणी तरी कासव ठेवून गेले. मावशी हल्ली दुधाची पिशवी खिडकीतून दोरीने वर ओढून घेतात.

यानंतर समितीला असे वाटले की, एवढे सर्व अनर्थ टाळण्याचा एकच मार्ग म्हणजे प्रत्येक मजकूर प्रसिद्धीपूर्वी मंजुरीस पाठविणे. आणि मला हे कबूल केले पाहिजे की, या ठिकाणी छत्तीस वर्षांचे संस्कार माझ्या विवेकावर मात करून गेले. मी जी पद्धत आखून दिली तीत मजकूर प्रथम लेखनप्रमुखांकडे, तेथून शुद्धलेखनासाठी निवृत्त मुख्याध्यापकांकडे, तेथून अभिप्रायार्थ पशुवैद्यांकडे व अखेर अध्यक्षीणबाईंकडे जावयाचा होता. पहिलेच प्रकरण आले ते हरवलेल्या पिलाचे. मुख्याध्यापकांनी ‘पिल्लू’ की ‘पिलू’ यावर शब्दकोश पाहण्यासाठी एक दिवस घेतला. पशुवैद्य लग्नाला नाशिकला गेले होते. पाचव्या दिवशी मंजुरीचा शेरा पडून आवाहन प्रसिद्ध झाले, तेव्हा ते पिलू दुसऱ्या दिवशीच परत आलेले होते. मात्र आवाहन मंजूर असल्यामुळे ते मागे घेण्यास नवीन प्रस्ताव लागणार होता, म्हणून आठवडाभर आम्ही डोळ्यांसमोर बागडणाऱ्या पिलाचा शोध घेत राहिलो. हे कलम पुढे मीच नजरचुकीच्या सबबीखाली रद्द केले.

आता चाव्याचे कलम. हे लिहिताना मला किंचित बाजूला सरकून बसावे लागते, त्याचे कारण पुढे येईलच. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्या एका माणसाला पलीकडच्या गल्लीत कुत्रा चावला, त्याने ते लिहिले, आणि आमच्या एका स्वयंसेवकाने मोहिमेच्या नावाने त्याला उत्तर दिले की, ‘कुत्रा कोणाला उगाच चावत नाही, तुम्ही काय केले ते आठवा.’ तो बिचारा टाकी खांद्यावर घेऊन दुसरा मजला चढण्यापलीकडे काही करीत नव्हता. या एका ओळीने मोहिमेचे जे नुकसान झाले ते शंभर विरोधकांनीही केले नसते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की बहुधा मृत्यू ठरलेलाच असतो. तेव्हा चावलेल्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न त्याच्या चारित्र्याविषयी नसून जखमेविषयी असला पाहिजे: साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली का, आणि लस टोचून घ्यायला निघालात का. हे मी अत्यंत गांभीर्याने लिहिले, आणि दैवाने त्यावर सही करायची ठरविली.

मोहिमेच्या फलकासाठी छायाचित्र हवे होते. माझे वय, पांढरे केस आणि धोतर यांमुळे फलकाला वजन येईल असे तरुणांना वाटले. मी बाकावर बसलो, शेजारी खंडूला बसविले, आणि ‘आमची लस झाली आहे, आम्हाला भिऊ नका’ असा पुठ्ठा आम्हा दोघांच्या मध्ये उभा केला. छायाचित्रकार मागे सरकत सरकत, आणखी मागे सरकत, अखेर खंडूच्या बहिणीच्या शेपटीवर उभा राहिला. ती किंचाळली, खंडूने न्यायाची चौकशी न करता जवळचा पाय धरला, आणि जवळचा पाय माझा होता. पंधरा मिनिटे नळाखाली पाय धरून उभा असताना मला मागून समितीची कुजबुज ऐकू येत होती. काळजी पायाची होती तशीच फलकाचीही होती. शेवटी एक जण पुढे येऊन अदबीने म्हणाला, “काका, इंजेक्शनं घ्यायलाच हवीत, पण शक्यतो गाजावाजा न करता घ्या.” मी ती सर्व गुपचूप घेतली. मजकूर चावा आज प्रथमच प्रसिद्ध होत आहे.

शेवटून दुसरे कलम पुण्यकर्माच्या छायाचित्रणाचे. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा कीर्तनातून ऐकत आमची पिढी वाढली. आजचा स्वयंसेवक धावला असता तर त्याच्या एका हातात तूप व दुसऱ्यात मोबाईल असता, नजर पडद्यावर असती, कुत्र्याने कोरडीच पोळी खाल्ली असती आणि तूप रस्त्यावर सांडले असते. शिवाय खाली पहिली प्रतिक्रिया अशी आली असती की, कुत्र्याच्या पोटाला तूप चांगले नाही. धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले, त्या प्रसंगी तेथे छायाचित्रकार नव्हता, यातच त्या नकाराचे अर्धे तेज आहे. कलमात मी एवढेच लिहिले की, ‘वाटी दोन्ही हातांनी धरावी.’

सोळा कलमे झाली, तरी काही तरी राहिले आहे असे वाटत होते. एके दिवशी पहाटे फिरायला निघालो असता फाटकाबाहेरच्या विजेच्या खांबापाशी खंडू दिसला. हा खांब म्हणजे त्यांच्या समाजाची वार्ताफलक म्हणावी अशी जागा. खंडूने खांब खालून हुंगला. मग डावीकडून हुंगला. एक प्रदक्षिणा घालून, मघाशी ज्या ठिकाणी काही राहून गेल्याचा संशय होता तेथे पुन्हा नाक नेले. कोण येऊन गेले, केव्हा गेले, आपला की परका, सुखी की आजारी, ही सर्व हकीकत त्याने पुरी वाचली. आणि मग, सर्व समजून घेतल्यावर, स्वतःचा मजकूर अत्यंत संक्षेपाने नोंदवून तो चालू लागला. आपल्या नोंदीला कोणी मान डोलावली का, हे पाहायला तो एकदाही मागे वळला नाही. पलीकडच्या गल्लीतून कोणी तरी भुंकले. त्याने कान टवकारले, वाऱ्याचा वास घेतला, आणि प्रकरण आपले नाही अशी खात्री झाल्यावर गप्प राहिला. मी घरी येऊन सतरावे कलम लिहिले: ‘आधी हुंगावे, मग भुंकावे.’ माझ्या उभ्या हयातीतला एवढा आटोपशीर मसुदा दुसरा नाही.

समितीने तेवढेच एक कलम असभ्य म्हणून गाळले.

उरलेली सोळा कलमे गटावर प्रसिद्ध झाली, आणि दोन मिनिटांच्या आत एकोणीस जणांची जोडलेल्या हातांची चित्रे आली. ती कलमे सावकाश वाचायला वीस मिनिटे लागतात, हे मी घड्याळ लावून पाहिलेले आहे. उरलेले चार जण त्या वेळी जाळीच्या गाडीबरोबर होते. त्यांनी ती आजतागायत पाहिलेली नाहीत, आणि त्यांतले एकही कलम त्यांच्या हातून आजतागायत मोडलेले नाही.

परवा संध्याकाळी शेजारच्या वसाहतीतील मार्जारमित्र मंडळाच्या चिटणीसबाई माझ्या बाकापाशी आल्या आणि म्हणाल्या, “काका, तुमची ती कलमं फार छान आहेत म्हणे, आमच्या मांजरांसाठी पण चार लिहून द्याल का?” मी काही बोललो नाही. पायाशी खंडू पहुडला होता. चाव्याच्या प्रकरणानंतर आमचे संबंध औपचारिक असले तरी सलोख्याचे आहेत. मी त्याच्या कानाची खाच बाईंना दाखविली, तिचा अर्थ समजावून सांगितला, आणि मग माझ्या स्वतःच्या कानाकडे बोट केले. तेथे खाच नाही, खडा आहे. पण लांबून पाहणाऱ्याने दोहोंचा अर्थ एकच घ्यावा.